दाराशी थांबलेला आलेख

"मोजायचं तर मनातल्या मनात मोज," ताईने फोनवर मला बजावलं होतं. "कागद भिंतीवर लावू नकोस. भिंतीवर गेलेला कागद तुझा राहत नाही, घराचा होतो. आणि तुमच्या इमारतीत जे घराचं झालं ते सगळ्या जिन्याचं झालंच म्हणून समज."

ताईला दोन मुलं आहेत आणि आलेखातलं ओ की ठो कळत नाही. मला एकच मूल आहे आणि आलेखांवर माझं पोट चालतं. तेव्हा तिने मला आलेखांबद्दल काही सांगावं हे जरा अतीच होतं. मी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि "हो गं, हो," म्हणत मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी कागद भिंतीवर चिकटवून टाकला.

मी शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत काम करते. पाणी सोडणं माझ्याकडे नाही. सोडलेलं पाणी लोकांनी कधी आणि किती वापरलं, त्याचे आलेख काढणं माझ्याकडे आहे. दिवसभराच्या वापराची रेघ वरखाली होत जाते. ती सर्वांत खाली कुठे येते ते शोधायचं आणि तिथे लाल टिंब द्यायचं. दुरुस्तीवाले त्या वेळेला झडप बंद करतात, आणि कुणाच्या तोंडाला साबण लागलेला राहत नाही. अख्ख्या शहराची आंघोळ माझ्या लाल टिंबावर टिकून असते. याचं घरी कुणाला काडीचं कौतुक नाही, पण तो विषय निराळा.

माझी रजा संपत आली होती. ती एकदा वाढवूनही झाली होती, आणि कचेरीतून आलेल्या निरोपाचा अर्थ अगदी सरळ होता: येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. मला माझी खुर्ची हवी होती. खिडकीजवळची आहे, आणि तिचा एक पाय आखूड आहे हे फक्त माझ्या कमरेला ठाऊक आहे. नव्या माणसाच्या हातात ती पडली तर तो पहिल्याच दिवशी आडवा होईल. म्हणजे माणुसकी म्हणूनसुद्धा मला कामावर जाणं भाग होतं.

अडचण एकच होती, आणि ती नुकती रांगायला लागली होती.

आमच्या लेकीला इमारतीत 'भोंगा' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही आणि मला ते मुळीच आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू, बसतं चपखल. एरवी गुणी पोर. फक्त मी तिच्याजवळून उठले की ती सुरू व्हायची. पाणी प्यायला उठले की सुरू. शिंकायला तोंड पलीकडे केलं की सुरू. मी कामावर गेल्यावर तिला सासूबाई सांभाळणार होत्या. "तू जा गं निवांत, मी आहे ना," असं त्या रोज म्हणत. पण सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि माझा जीव त्या डाव्या कानात अडकलेला असे. भोंगा नेमका त्या बाजूला पडून रडला तर? मी हे कधी बोलून दाखवलं नाही. त्या चटईवर बसल्या की गुपचूप भोंग्याला उचलायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला ठेवायचे, एवढंच. त्यांच्या ते लक्षात यायचं. त्याही बोलायच्या नाहीत. उठायच्या आणि दुसरीकडे तोंड करून बसायच्या.

मग मी म्हटलं, जे एवढ्या मोठ्या शहराला जमतं ते एका वीतभर पोरीला का जमू नये? रडणं हे कशावर तरी अवलंबून असणारच. आई किती लांब आहे, यावर असेल. आडव्या रेघेवर अंतर घ्यायचं, उभ्या रेघेवर रडणं. ठिपके टाकायचे, जोडायचे, आणि रेघ खाली कुठे येते ते बघायचं. माझी मांडी सोडून घरात कुठेही एखादा तळ सापडला, तर कामावर जाण्याचा मार्ग तिथून निघेल अशी माझी समजूत. समजूत शास्त्रीय होती. तिच्यात काय चुकलं ते पुढे येईलच. शास्त्राकडे बोट दाखवू नये एवढंच आत्ता सांगते.

अंतर मोजायला फरश्या होत्या. पाळण्यापासून एक फरशी, दोन फरश्या, असं घराच्या दारापर्यंत. रडणं कसं मोजायचं, हा प्रश्न होता. नवऱ्याने फोनवर आवाज मोजणारं काहीतरी उतरवून घेतलं. त्यात भोंग्याला समोरच्यांच्या मिक्सरने हरवलं, आणि दोघांनाही नवऱ्याच्या "झालं बघ चालू!" ने हरवलं.

सासूबाईंचं तोवर "मूल आहे की पाण्याची टाकी?" एवढं एकदा विचारून झालं होतं. पण लेकाचं यंत्र आपटलेलं बघून त्यांना राहवेना.

"त्याला कशाला यंत्र हवं?" त्या म्हणाल्या. "आधी मुसमुस. मग कुरकुर, मग किरकिर. त्याच्यावर रडं. मग भोकाड. आणि मग टाहो."

"कुरकुर आणि किरकिर एकच ना गं?" नवऱ्याने विचारलं.

"एक कशी? कुरकुर तुझे बाबा करायचे. किरकिर तू करायचास. मी दोन्ही काढलंय आयुष्यभर."

उभ्या रेघेवर त्या सहा पायऱ्या लिहिल्या. इतकं सुबक मोजमाप आमच्या कचेरीतही नाही.

आलेख सुरू झाला. मांडीवर: काहीच नाही. एक फरशी लांब: मुसमुस. खिडकीपाशी: कुरकुर. कपाटापाशी: रडं. दारात चप्पल घालताना: टाहो. रेघ डोंगरासारखी चढत गेली, आणि दाराच्या चौकटीपाशी कागदही संपला आणि भिंतही संपली. तळ एकच, तो म्हणजे माझी मांडी. मांडी कचेरीत घेऊन जाता येते, पण मग भोंगाही बरोबर आला.

इथवर ताईचं म्हणणं फक्त अर्धं खरं झालं होतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी बेल वाजवून आलं.

आमच्या समोर राहतात त्या काकू इमारतीच्या सचिवही आहेत. साखर मागायला येतात तेव्हा काकू असतात आणि जिन्यात सायकल दिसली की सचिव होतात. त्या भिंतीपाशी थांबल्या, चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि खाली जाऊन मास्तरांना घेऊन आल्या. मास्तर खालच्या मजल्यावर राहतात. जन्मभर गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून समोर फळा नाही म्हणून माणूस वाळत चालला होता. माझा आलेख बघून त्यांच्या गालावर रंग आला.

"सूनबाई, कुणी काढलाय?"

"मी," मी नम्रपणे म्हटलं. नम्रपणा खोटा होता.

"ठिपके फार लांब लांब टाकलेत," मास्तर म्हणाले. "मधे काय होतंय ते कळणार कसं? दोन ठिपक्यांच्या मधे रेघ सरळच जाते असं तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. माझा अभिमान जरासा दुखावला, पण मास्तर बरोबर होते. म्हणून मग आम्ही मधल्या जागाही धरल्या. मास्तर हातात झाडूची काडी घेऊन आलेखापाशी उभे, काकू पाळण्यापाशी, सासूबाई पायरी ओरडून सांगणार आणि मी फरशीफरशीने मागे सरकणार. "रडं!" "रडं!" "रडं, पण मोठं!" करत मी स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजच्या मागच्या फटीत गेले, आणि सासूबाई म्हणाल्या, "कुरकुर."

"काय?" मास्तर ओरडले.

"कुरकुर! बहिरे झालात का?"

मी एक फरशी पुढे झाले. रडं. परत फ्रिजमागे. कुरकुर.

मास्तरांनी काडी आलेखावर आपटली. "बघ, इथे बघ! रेघ उतरली, एका ठिकाणी आडवी झाली आणि पुन्हा चढली. जिथे उतार संपतो आणि चढ सुरू होतो तिथे काय असतं?"

"तळ," मी फ्रिजमागून म्हटलं.

"मोठ्याने!"

"तळ!"

त्यानंतरचे दिवस मी फ्रिजमागे काढले. तिथे उभं राहून जेवता येतं, फोनवर बोलता येतं, आणि पाठीला ऊबही छान मिळते. संध्याकाळी नवरा कामावरून आला की विचारायचा, "ही कुठंय?" सासूबाई सांगायच्या, "फ्रिजमागे." तो "बरं," म्हणून हातपाय धुवायला जायचा. माणसाला कशाचीही सवय होते हे मी त्याच्या त्या 'बरं' वरून शिकले.

पण फ्रिजमागे पाणीपुरवठा कचेरी नाही. तिथे मुळात तळ का आहे हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नव्हता. काकूंना ते लगेच कळलं.

"आवाज गं, आवाज! फ्रिजची घरघर. तिला वाटतं कुणीतरी जवळ आहे. माझ्या भावाचा फ्रिज बिघडला तर तो झोपला नव्हता. एक काम कर. फ्रिजच उचल आणि पाळण्याशेजारी ठेव. तू जा कामावर, फ्रिज सांभाळेल."

"फ्रिज?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. त्यांचा चेहरा मला तेव्हा दिसायला हवा होता. पण मी फ्रिज हलवायचा दिवस ठरवण्यात गुंतले होते.

बुधवारी, नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो बाहेरून ओढायला लागला आणि मी आतून ढकलायला लागले. फ्रिज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अगदी शहाण्यासारखा आला. दारात आल्यावर त्याने अंग तिरकं केलं आणि बसला. पुढे जाईना, मागे येईना. आत मी, बाहेर सगळं जग. मी ओट्यावर चढून फ्रिजवरून डोकावले. पाळण्यातून भोंग्याला काय दिसलं असेल बघा: घरातलं सर्वांत मोठं कपाट चालत आलं आणि त्याच्या डोक्यावर आईचं मुंडकं.

टाहो ही सर्वांत वरची पायरी होती. सासूबाईंनी त्या दिवशी तिच्यावर आणखी एक लिहायला लावली: 'सचिव येतात.'

सचिव आल्याच. आणि चष्मा लावून आल्या.

"हे काय चाललंय? जड वस्तू हलवायची असेल तर आधी लेखी अर्ज द्यावा लागतो."

"काकू, तुम्हीच तर सांगितलंत!" मी फ्रिजवरून म्हटलं.

"ते मी काकू म्हणून सांगितलं. आता मी सचिव म्हणून विचारतेय. अर्ज कुठाय?"

मी आत कोंडलेली, कागद बाहेर. नवऱ्याने कागद-पेन फ्रिजवरून आत दिलं. 'विषय: फ्रिज हलवण्याची परवानगी मिळण्याबाबत.' अर्ज मी ओट्यावर बसून लिहिला आणि फ्रिजवरून बाहेर दिला. काकूंनी तो वाचला, 'फ्रिज कुठून कुठे' याचा उल्लेख नाही म्हणून परत आत दिला. दुसऱ्यांदा दिला तेव्हा त्यांनी सही केली, चष्मा काढला आणि पुन्हा काकू होऊन म्हणाल्या, "अगं, किती घाम आलाय तुला! पाणी पी." पाणी माझ्याच बाजूला होतं.

सुतार येऊन त्याने दाराची चौकट उतरवली तेव्हा मी बाहेर आले. फ्रिज पाळण्याशेजारी नेला, लावला, घरघर सुरू झाली. मी कपाटापर्यंत गेले. भोंग्याने फ्रिजकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि भोकाड पसरलं.

"स्थानिक तळ होता तो," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "चढावर मधेच एखादा खड्डा लागतो. त्यात उभं राहिलं की वाटतं, आपण पायथ्याशी आलो. पायथा लांबच असतो."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी मीही खड्ड्यातच होतो, सूनबाई."

झालं. मी ठरवून टाकलं. रजा आणखी वाढवून मागायची, आणि नाही मिळाली तर खुर्चीला रामराम. हे ठरवताना मला कुणी बघत नाहीये याची खात्री करून घेतली आणि मग पुन्हा फ्रिजमागे जाऊन उभी राहिले. फ्रिज आता बाहेरच्या खोलीत होता, त्यामुळे ते तितकंसं खासगी राहिलं नव्हतं.

रजेचा अर्ज घेऊन कचेरीत जायच्या दिवशी दारात नेहमीसारखा टाहो झाला. मी दोनदा परत आले, एकदा तिचा गाल पुसायला आणि एकदा सासूबाईंना फोन उजव्या बाजूला ठेवायला सांगायला. मग कान घट्ट झाकून जिना उतरले.

आस्थापना शाखेतल्या बाईंनी माझा अर्ज उलटसुलट करून बघितला. "कारण काय लिहिलंय? 'मूल माझ्याशिवाय राहत नाही.' याला पुरावा?"

"पुरावा कसा देणार?"

"दाखला आणा."

"कुणाचा?"

"मुलाचा नको," त्या विचार करून म्हणाल्या. "ते सही कुठे करणार?"

पुरावा होता माझ्याकडे. मी घडी घातलेला आलेख पिशवीतून काढला. असला पुरावा त्यांच्या शाखेत कधी आलेला नसल्यामुळे त्यांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी खाली पाठवलं, खालच्यांनी जेवणाची सुट्टी घेतली, आणि शेवटी मी माझ्याच मॅडमच्या टेबलापाशी पोचले. मधल्या काळात घरी तीनतीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. फोन डावीकडे होता, हे मला कचेरीत बसून दिसत होतं.

मॅडमनी आलेख टेबलावर पसरला. पायऱ्या वाचल्या. टाहोपाशी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण बाई कडक आहेत, हसल्या नाहीत.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "हा दाराशी का थांबला?"

"तिथे भिंत संपली, मॅडम."

"भिंत संपली. पण तू कामाला येणार म्हणजे दाराच्या बाहेर येणार ना? तिकडचं कुठंय?"

"तिकडे... म्हणजे तिकडे वाढतच जाणार ना, मॅडम. रेघ कशी चढत चालली आहे बघा."

"शहरातल्या पाण्याचा आलेख कुणी सकाळी आठलाच थांबवला आणि म्हणाला, पुढे वापर वाढतच जाणार, तर तू काय करतेस?"

आमच्याकडे त्यासाठी एक रबरी शिक्का आहे: 'अपूर्ण. पुढील मोजणी करून पुन्हा सादर करावे.' तो शिक्का मीच हट्टाने करून घेतला होता, कारण सारखं हाताने लिहून माझं बोट दुखायचं. मॅडमनी तो माझ्याच खणातून मागवला आणि माझ्याच लेकीच्या रडण्यावर उमटवला.

शिक्का वाळायची वाट न बघता मी घराकडे निघाले. चालत म्हणायचं, पण पळतच. फोन न उचलण्याची जी जी कारणं असू शकतात ती सगळी माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभी होती. भोंगा पाळण्यातून पडलेला. सासूबाई न्हाणीघरात घसरलेल्या. दोघीही फ्रिजखाली. इमारतीपाशी आले तर सगळं शांत. आणि या मुलीच्या बाबतीत शांतता म्हणजे काहीतरी भयंकर. मी जिना चढले. आमच्या दाराला बाहेरून जाळीचं दार आहे. जाळीला डोळा लावला.

भोंगा चटईवर बसला होता. म्हणजे बसली होती. सासूबाई तिच्यासमोर, पाठ माझ्याकडे. त्या डब्याचं झाकण वाटीवर आपटत होत्या, आणि प्रत्येक वेळी माझी लेक खदखदून हसत होती. असं हसणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पाय झाडत, हात आपटत, मधेच उचकी.

मग तिला जाळीतला डोळा दिसला. आणि टाहो.

"आलीस का?" सासूबाई वळून म्हणाल्या. "आत्तापर्यंत कशी गुणाची होती!"

मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला संशय.

"आई, मी गेल्यावर ती रडली असेल ना?"

"रडली की. तू जिना उतरेपर्यंत."

"मग?"

"मग काय? मग वाटी."

हे मी असंच मानणार नव्हते. शिक्का होता माझ्यावर. पुढील मोजणी करणं भाग होतं, आणि मी समोर नसताना मोजायची होती. इथे मास्तरांना पुन्हा तरतरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे कामाला लागले. सासूबाई आतून पायरी सांगणार, नवरा गॅलरीत टॉवेल धरून उभा. टॉवेल डोक्यावर म्हणजे टाहो, खांद्याशी म्हणजे रडं, कमरेशी म्हणजे कुरकुर, गुडघ्याशी म्हणजे मुसमुस. मी रस्त्याने लांब लांब जात राहायचं आणि वळून टॉवेल बघायचा.

मी दाराबाहेर पडले. टाहो. पहिल्या जिन्यावर कानांनीच कळलं, टाहो. दुसऱ्या जिन्यावर भोकाड. मला वाटलं, दमली असेल. फाटकाशी वळून बघितलं तर टॉवेल खांद्याशी. किराणा दुकानापाशी टॉवेल कमरेशी. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना वाटलं की नवरा त्यांनाच खुणा करतोय. त्यांनीही आपला टॉवेल आणला आणि जोरात हलवायला लागले. काही वेळ मी दोन टॉवेलांची सरासरी काढली. मग त्यांच्या बायकोने त्यांना आत ओढलं.

मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळले. गॅलरीत नवरा नव्हता. टॉवेल नव्हता. कुणीच नव्हतं.

मी धावत सुटले. किराणा, फाटक, दोन जिने, दार. दारात अर्थातच टाहो झाला. नवरा गॅलरीतून कंबर धरून उठत होता.

"काय झालं? पडलास?"

"पडलो कसला? टॉवेल गुडघ्याच्याही खाली न्यायचा होता! काहीच नाही याला खूण ठरवली नव्हती, म्हणून जमिनीवर धरून वाकून बसलो होतो. तुला दिसलं नाही?"

काहीच नाही.

भिंत संपली होती, म्हणून कागद कोपरा वळवून पुढच्या भिंतीवर नेला, तिथून न्हाणीघराच्या दारापर्यंत. मास्तरांनी ठिपके जोडले. मांडीपासून चढत गेलेली रेघ दाराशी शिखराला पोचली आणि तिथून उतरली. जिना, फाटक, दुकान. कोपऱ्यावर ती आडव्या रेघेला टेकली.

"दे," मास्तरांनी लाल पेन माझ्या पुढे केलं. "तुझं काम आहे. टिंब दे."

माझा हात काही उठेना. शोधत होते तो तळ सापडला होता. मी किती लांब गेले की माझं लेकरू सुखात असतं, ते भिंतीवर लिहिलेलं होतं, आणि खाली 'अपूर्ण'चा शिक्का मारायलाही काही जागा राहिली नव्हती. मी मटकन चटईवर बसले आणि रडायला लागले.

"रडं," सासूबाई लेकाला म्हणाल्या. मग थोडं ऐकून, "नाही, भोकाड. लिही."

"आई!" नवरा ओरडला.

सासूबाई उठल्या. माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या, म्हणजे मी त्यांच्या उजव्या कानाकडे आले. "हां, बोल आता," त्या म्हणाल्या. "या कानाने येतं मला ऐकू."

भोंगा रांगत माझ्याकडे आली आणि मांडीवर चढली. तिला आत्ता काही दुःख नव्हतं. मास्तर हे सगळं काडी पाठीमागे धरून बघत होते.

"सूनबाई, डावीकडचं टोक बघतच नाहीयेस तू," ते म्हणाले. "मांडी. तिथेही रेघ टेकलेलीच आहे. हा एक तळ, तो एक तळ, दोन्ही सारखे. एक दुसऱ्यापेक्षा तसूभरही खाली नाही. भानगड मधल्या शिखराची आहे. तू रोज शिखरावर जाऊन उभी राहतेस, दोनदा परत येऊन पुन्हा चढतेस, आणि वर विचारतेस, वारा इतका का लागतो?"

"म्हणजे दारात थांबायचं नाही," नवरा म्हणाला.

"डोकावायचंही नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आणि फ्रिज परत जागेवर न्यायचा असेल तर नवा अर्ज लागेल," काकू म्हणाल्या. त्या कधी आल्या होत्या कुणास ठाऊक.

तर आज सोमवार. भोंग्याला मांडीवर घेतलं, सासूबाईंच्या मांडीवर दिलं, "येते," म्हटलं आणि दार ओलांडलं. थांबले नाही. मागे टाहो सुरू झाला. पायऱ्या मोजत जिना उतरले. आता जेवणाची सुट्टी आहे, मी माझ्या आखूड पायाच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. ही जागा त्या कोपऱ्याच्या कितीतरी पलीकडे आहे. आलेख खरा असेल तर या क्षणी आमच्या घरी काहीच नाही. रडणं नाही, मुसमुस नाही. नियम ठरलाय की डोकावायचं नाही, आणि फोन हेसुद्धा डोकावणंच. माझा आवाज ऐकला की ती दाराकडे रांगत सुटते, हे करून बघितलंय.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्हाला ती ओळखत नाही. तुम्ही आलेखात कुठेच नाही. जरा जाऊन येता का? जिना हळू चढा, बेल वाजवू नका. काकू चष्मा लावून विचारायला आल्या तर म्हणा, पाण्याचं मीटर बघायला आलोय. जाळीतून एकदा आत बघा. रडत असेल तर धावत या, मी खुर्ची सोडून तयार आहे. खेळत असेल तर सावकाश या आणि तसं सांगा, मी धीराने ऐकेन. पण अगदी खदखदून हसत असली ना, तर एक करा. हसता हसता मधेच एकदा तिने दाराकडे बघितलं होतं, असं म्हणा. बघितलं नसलं तरी म्हणा.